भंगारमास्तर

“खड्डे दिसतात. दगड कुठे आहेत?” पाहणीला आलेल्या साहेबाने विचारलं. सगळी वाडी उतारावर उभी होती. मास्तर पुढे झाला आणि म्हणाला, “दगड मी शाळेत नेऊन ठेवलेत.” साहेबाने कागदावर लिहिलं, जुन्या खुणा आढळल्या नाहीत. एवढं लिहून होईपर्यंत आमची जमीन आमच्या हातून गेली होती.

आमच्यात माणूस मेला की त्याच्या नावाने त्याच्याच शेताच्या बांधावर दगड उभा करतात. सातबारा आम्ही कधी पाहिला नाही. जमीन सरकारी जंगलाची, कसणारे आम्ही. वनहक्काचा दावा लावला तेव्हा आजे-पणजे इथेच कसत होते हे सांगणारे ते दगडच होते. आणि ते या शहाण्याने बांधावरून उपटून शाळेच्या ओटीवर मांडले होते. का, तर इतिहास जपायला.

मास्तर किन्हवलीकडचा, पेन्शनीत निघालेला. पोरं कमी म्हणून वाडीतली शाळा बंद झाली, तिथे त्याने संग्रहालय काढलं. फाटकं इरलं, उंदरांनी कुरतडलेली कणगी, मोडकं जातं, काहीही मागून न्यायचा. आम्ही बायका त्याला भंगारमास्तर म्हणायचो, तोंडावर म्हणायचो. तो म्हणायचा, “भंगारवाला तोलून नेतो. मी तोलत नाही.” आणि फार मोठं उत्तर दिल्यासारखा हसायचा.

“हे जपलं पाहिजे,” हे त्याचं पालुपद. प्रत्येक वस्तूवर डिंकाने चिठ्ठी चिकटवायचा. डिंक मुंग्या खायच्या, चिठ्ठ्या गळायच्या, आणि झाडलोट करणारी बाई हाताला येईल तिथे त्या परत लावायची. तिला वाचता येत नव्हतं. इरल्याची चिठ्ठी उखळावर गेली, उखळाची कणगीवर. शहरातून येणारे लोक ते वाचून मान डोलवायचे. मास्तरच्या ध्यानात यायला वर्ष लागलं.

एकदा माझ्याकडे भाकरी खाताना म्हणाला, “वयनी, चूल सोडू नका. हीच आपली संस्कृती.”

“तुमच्या घरी हाय का चूल?”

“आमच्या मंडळींना धुराचा त्रास होतो.”

“मंग मला काय धुरानं बाळसं येतं?”

एरवी ऐकलेलं सगळं वहीत टिपायचा, हे मात्र त्याने लिहिलं नाही. नाचणीच्या भाकरीचे गुण गात अर्धी खाल्ली आणि अर्धी माझ्या कोंबडीला घातली. खिशात बिस्किटाचा पुडा होता, तो मला दिसत होता.

दगडांचं खूळ त्याच्या डोक्यात शिरलं ते धबधब्यावर येणाऱ्या टोळक्यांमुळे. कोणी तरी एका दगडावर रंगाने आपलं नाव लिहून गेलं. मास्तर रडायचाच बाकी राहिला. त्याने वाडीची बैठक घेतली आणि सगळे दगड खाली आणायचं ठरलं. एकट्याला कशाला बोलू? आमच्याच पुरुषांनी ते काठीला बांधून खाली आणले आणि फोटोसाठी नवे शर्ट घालून उभे राहिले. कुठला दगड कुठल्या बांधावरचा, हे कोणी टिपून ठेवलं नाही. मास्तरने ओटीवर ते उंचीप्रमाणे लावले आणि त्याच क्रमाने आकडे घातले, फोटोत बरं दिसतं म्हणून. माझ्या सासऱ्याच्या दगडावर घोडेस्वार छान कोरला होता. सासऱ्याने जन्मात घोड्यावर टांग टाकली नव्हती, पण दगड देखणा. म्हणून तो रांग सोडून पुढे, आणि सिमेंटमध्ये पक्का.

तर त्या दिवशी साहेब जेवायला खालच्या गावात निघाला, तेव्हा आमच्यातल्या शेवंतीने त्याची वाट अडवली. “साहेब, जेवून परत या. तवर तो कागद दुमडू नका.” काय वाटलं त्याला कोण जाणे, येतो म्हणाला.

पुरुष आंब्याखाली चर्चेला बसले. आम्ही बायका शाळेत गेलो. मास्तर वही उघडून आकडे वाचायला लागला. मी म्हटलं, “वही ठेवा खिशात.” वर्षाला एकदा त्या दगडांना तेल लावणाऱ्या आम्ही. आपापल्या घरचा दगड प्रत्येकीच्या हाताला ठाऊक होता. डोक्यावर चुंबळ ठेवून आम्ही चढायला लागलो. मागे पाहिलं तर मास्तरही चुंबळीवर दगड घेऊन येत होता, धोतराचा काचा मारून, लाल झालेला. माझ्या पुढे चढणारी बुधी त्याही वेळी हसली.

साहेब आला आणि म्हणाला, “हे तर तुम्ही आत्ता रोवलेत.” बुधीने दोन दगड उपसले आणि म्हणाली, “आता याचा त्यात बसवून दावा.” साहेबाने स्वतः खटपट केली. एकही परक्या खड्ड्यात नीट बसेना, आपल्या खड्ड्यात हलेना. त्याने मघाचं लिहिलेलं खोडलं.

माझा दगड मात्र शाळेतच सिमेंटमधून निघेना झाला होता. मास्तरने पहार घातली आणि तो मधून तुटला होता. घोडा वर आला, बूड ओटीतच राहिलं. बूड नाही तर खड्ड्याशी जुळणार काय? माझ्या बांधापुढे साहेबाने नाही असं लिहिलं.

“वयनी, चूक माझी,” मास्तर म्हणाला.

“तुमचीच,” मी म्हणाले. खोटं कशाला बोलू?

मग शहापूरला माझ्या दाव्याच्या प्रत्येक तारखेला मास्तर माझ्या आधी बाकावर बसलेला असायचा. दगड मी उपटला, मी तोडला, बाईचा दोष नाही, एवढंच सांगायचा. कारकुनाला ते पाठ झालं होतं. सात वर्षं आला. वाडीत मात्र नंतर त्याने कशाला हात लावला नाही. वस्तू दिसली की आधी विचारायचा, “ही असते कुठे?” आणि तिथेच उभा राहून लिहायचा. एवढी अक्कल यायला माझी जमीन लागली.

गेल्या शिमग्यात तो गेला. माझा दावा अजून तसाच आहे. आता तारखेला मी एकटीच जाते, आणि त्याचं म्हणणं मीच सांगते.

त्या दुपारी दगड वाहायला आम्ही नऊ बायका होतो, दहावा मास्तर. त्यांतली शेवंती अजून आहे, बुधी आहे, यमुना अंथरुणावर आहे, आणि मी आहे.