जवारी सदका

कोइमतूरला निघालो त्या सकाळी मी सामानाची यादी करून पिशवीच्या आतल्या बाजूला चिकटवली होती. आब्बांनी ती वाचली आणि म्हणाले, यात जानमाज नाही. मी नमाजाच्या चटईची ती घडी आत कोंबली आणि यादीत खाली लिहून घेतली. गावचे एकजण तिकडं गलाईचं दुकान चालवायचे, म्हणजे जुने दागिने वितळवून सोनं शुद्ध करायचं काम. त्यांच्या हाताखाली मी निघालो होतो. आटपाडीची एसटी यायला अवकाश होता, म्हणून आब्बा मला रस्त्याकडेच्या पत्र्याच्या शेडात घेऊन गेले. बाजूंनी उघडं, खाली मुरूम. तीच आमची मशीद.

"ह्येला कवातरी भिंती घाल," ते म्हणाले. "मी नसलो तरी पोचंल मला."

त्यांना सदका-ए-जारिया म्हणायचं होतं. सदका म्हणजे दान, जारिया म्हणजे वाहतं राहणारं. माणूस जातो, पण त्याच्या नावानं बांधलेल्या जागेत कुणी नमाज पढत राहिलं की त्याचं पुण्य, आमच्या भाषेत सवाब, त्याला पोचत राहतं. मला तेव्हा एसटीची काळजी होती. मी 'व्हय' म्हणालो आणि खिडकीची जागा धरायला पळालो.

पुढची वर्षं तुम्हा बाहेर गेलेल्यांना सांगायला नकोत. कुणी कोचीला, कुणी मदुराईला, एकजण मस्कतला. सगळ्यांचं सारखंच. आधी भट्टीजवळ झोपायचं, मग भाड्याची खोली, मग स्वतःचं दुकान. ॲसिडच्या वाफेनं मिशा पिवळ्या झाल्या. बायको रुखसाना तिकडच्या बाजारात तमिळमध्ये घासाघीस करायला लागली. मुलगी मला आप्पा म्हणते आणि भाकरीपेक्षा डोसा बरा म्हणते. मी रागावत नाही. तिचं गाव तेच आहे.

आब्बा गेले तेव्हा आपण सगळे मातीला आलो होतो. जनाज्याची नमाज त्या शेडात मावली नाही, निम्मे लोक रस्त्यावर उभे राहिले. परतीच्या वाटेवर मोबाईलवर आपण 'मशीद काम' नावाचा ग्रुप काढला. व्यवस्था माझ्याकडे आली, कारण व्यवस्था नेहमी माझ्याकडेच येते. वाळू कुठली, स्लॅबच्या दिवशी कोण उभं राहणार, नमाजाआधी हातपाय धुवायचे, वजूचे नळ कोणत्या भिंतीला, हे सगळं मी कोइमतूरच्या दुकानातून फोनवर बघितलं. जागेवर उभा होता माझा धाकटा भाऊ दस्तगीर. टँकरचं पाणी घालून भिंती त्यानं भिजवल्या. आपण फोटोंवर अंगठे उमटवले.

पाटीचा घोटाळाही फोनवरच झाला. मी दस्तगीरला सांगितलं, दस्तगीरनं पेंटरला, आणि हिरव्या रंगात मोठ्या अक्षरांत उमटलं: 'सदका-ए-जवारी'. आमच्याकडं जवारी म्हणजे गावठी, अस्सल. जवारी कोंबडा, जवारी मिरची. गावभर हसू झालं. उद्घाटनाला शेजारचे तात्या आले. त्यांची डाळिंबाची बाग मशिदीला लागून आहे. पाटी वाचून ते मला म्हणाले, "बरुबर लिव्हलंय की रं. हायब्रीडचं बी दरसाल इकत आनावं लागतं. जवारीचं बी धरलं की पुन्यांदा उगवतंय. तुमचं त्ये वाहतं म्हंजी ह्येच न्हवं का?"

मी पाटी दुरुस्त करायचं काम यादीत लिहिलं होतं. ते खोडलं.

आता तुम्हाला जे ग्रुपवर सांगता आलं नाही ते सांगतो. मशीद झाली, पण पढणार कोण? जी घरं आहेत त्यांतली कर्ती पोरं आपणच, आणि आपण बाहेर. म्हाताऱ्यांना पायऱ्या चढवत नाहीत. जुम्म्याला, म्हणजे शुक्रवारी, आटपाडीहून मौलाना येतात, बाकी दिवस दस्तगीर. पहाटेची आजान तोच देतो, झाडतो तोच, उभा राहतो एकटा. मौलाना ठेवून बघितले. एकजण पाण्याच्या टंचाईत सोडून गेला, दुसऱ्याला करमलं नाही. मी म्हटलं, पाण्याच्या मोटारीसारखा आजानीला टायमर लावू या. दस्तगीर म्हणाला, "आन सवाब कुनाला? मोटारीला?"

दस्तगीरला निघायचं होतं. माझ्या दुकानात भागीदार सुटला होता, मलाही तो हवा होता. त्याच्या बायकोनं भांडी बांधायला घेतली होती. माँनं एवढंच म्हटलं, "कुलूप लागलं की तुज्या आब्बांचं थांबलं." मी आटपाडीच्या मौलानांना विचारलं, खरंच थांबतं का? ते म्हणाले, अल्लाहची रहमत मोठी आहे. त्या उत्तरानं माझं समाधान झालं असतं, माँचं झालं नाही. भांडी परत मांडणीवर गेली.

त्या रात्री त्याचा फोन आला. ओरडला नाही. "भाई, तुजा सदका जारी," तो म्हणाला, "आन मी जप्त."

मी फोन ठेवून भट्टी विझवली. भिंती आपण घातल्या होत्या. आत कोण सापडलं, ते कुणी बघितलं नव्हतं.

मग मी मला येतं ते केलं. दुकानाच्या किल्ल्या, ओळखीची गिऱ्हाइकं, तमिळमधले रोजचे शब्द, मुलीच्या शाळेचा रस्ता, सगळं लिहून काढलं आणि रमजानच्या आधी गावी आलो. दस्तगीरला म्हटलं, महिनाभर तू जा, मी थांबतो. एसटी स्टँडवर त्याच्या पिशवीत मी स्वतः जानमाज ठेवली. माँ स्टँडवर आली नाही. तो खिडकीशी बसला आणि त्यानं मागं वळून बघितलं नाही. मीही बघितलं नव्हतं.

ईद होऊन गेली. दस्तगीर फोन करतो. दुकानाचं सांगतो, रुखसानाच्या हातच्या रस्समचं सांगतो, मुलीनं त्याला आकडे शिकवले ते म्हणून दाखवतो. आवाज मोकळा झालाय त्याचा. परत कधी येणार, हे तो बोलत नाही आणि मी विचारत नाही. परवा त्याची बायको मुलांना घेऊन त्याच्याकडं गेली. भांडीही गेली. मुलगी फोनवर विचारते, आप्पा, तुमचा महिना किती मोठा आहे?

माँ मात्र आब्बा गेल्यापासून पहिल्यांदा पोटभर जेवते. माझ्या आजानीला तात्या बागेतून हसतात. म्हणतात, तुझ्या आजानीत मद्रासी घुसलंय. भट्टीनं घसा गेलाय, सूर चढत नाही.

परदेशात, परमुलखात असताना आपण एकमेकांना विचारायचो, घर म्हणजे काय रे? कुणी आईचं नाव घ्यायचं, कुणी मातीचं. माझं उत्तर आता सोपं झालंय. जिथून निघायला बदली माणूस लागतो, ते घर. तुमच्यापैकी ज्याला परतायचंय त्यानं ग्रुपवर लिहावं. मी यादी करतो.

असरची, दुपारनंतरच्या नमाजाची वेळ झाली, उठतो. जमातीची, सगळ्यांनी ओळीत मिळून पढायची लांब चटई गुंडाळून ठेवलीय. एकट्यापुरती अर्धीच उलगडली तरी चालते. दस्तगीर रोज पूर्ण अंथरायचा, भिंतीपासून भिंतीपर्यंत. मीही पूर्ण अंथरतो.