राऊतसरांची सही

शिकवताना राऊतसरांनी माझं तोंड कधी पाहिलं नाही आणि मीही त्यांचं पाहिलं नाही. पालघरला माहीम रोडवरच्या त्यांच्या घरी पुढच्या खोलीत सहा खुर्च्या भिंतीकडे तोंड करून मांडलेल्या असत. आम्ही भिंतीकडे बघत बसायचं आणि सर मागून बोलायचे. बोलता बोलता टेबलावरचा मिक्सर ते रिकामाच चालू करत आणि त्या घरघरीत इंग्रजीत एक सूचना देत. अमुक उंचीवर या, तमुक दिशेला वळा, धावपट्टीच्या अलीकडे थांबा. आपण ती ऐकून शब्दाला शब्द परत म्हणायची. विमानात असंच चालतं. टॉवर सांगतो, पायलट तेच परत म्हणतो, तेव्हा टॉवरला कळतं की यानं नीट ऐकलंय. ज्याचं चुकलं त्याची खुर्ची सर मागून पायाने ढकलायचे. माझं कपाळ दोनदा भिंतीवर आपटलं आहे.

सरांचा जन्म आमच्याच सातपाटीचा. आई सांगायची, बोंबील वाळत घालायला दोघं एकाच काठीला असायची. ती सहा वर्षांची आणि ते आठ. पुढे ते शिकले, विमानतळाच्या टॉवरमध्ये लागले, जगभरच्या विमानांना तीस-एक वर्षं खाली उतरवलं आणि निवृत्त होऊन पालघरला घर बांधलं. सातपाटीत मात्र राहायला परत आले नाहीत. गावची बोली त्यांच्या तोंडून कुणी ऐकली नव्हती. मी पहिल्या दिवशी घाबरून "नाय समजला" म्हणाले तेव्हा ते म्हणाले, "बाजार तिकडे भरतो, स्टेशनच्या पलीकडे."

मी विमान चालवायला शिकत होते. देशाबाहेर उडणाऱ्या पायलटला इंग्रजीची वेगळी परीक्षा असते. तिच्या सहा पायऱ्या, आणि चौथीच्या खाली असाल तर तुम्ही कितीही सफाईने विमान उतरवा, घरी बसा. माझी पायलट प्रशिक्षण संस्था कुणालाच राऊतसरांच्या सहीशिवाय त्या परीक्षेला पाठवत नसे. एका विमान कंपनीत माझी निवड झाली होती आणि तिची बॅच महिन्याभरात सुरू होणार होती. राहिली होती ती फक्त ही परीक्षा, म्हणजेच सरांची सही.

छान इंग्रजी येणाऱ्यांचीही त्यांनी गय केली नाही. बोईसरचा एका ठेकेदाराचा मुलगा कॉन्व्हेंटमध्ये शिकलेला, फाडफाड बोलायचा. सर त्याला म्हणत, "तुझं इंग्रजी लग्नात मिरवायला ठेव. तुझ्यासमोर कोरियाचा माणूस आहे आणि त्याच्या मागे ब्राझीलचा. त्यांना तुझी ऐट कळणार नाही." खुद्द इंग्रजांवरही त्यांचा राग होता. ते लोक रेडिओवर घरात बोलल्यासारखं बोलतात, असं त्यांचं म्हणणं. "इंग्रजी आता इंग्रजांची राहिलेली नाही," ते म्हणायचे. "ती विमानतळावरच्या बाकड्यासारखी आहे. कुणीही बसावं, पण पाय पसरू नयेत." हे मला तेव्हाही पटलं होतं. माणूस नावडता असला की त्याचं पटणारं बोलणं जास्त झोंबतं.

त्यांना सगळ्यात तिटकारा होता तो न कळता मान हलवणाऱ्या माणसाचा. एकदा त्यांनी टॉवरमधली गोष्ट सांगितली. परदेशी विमान धावपट्टीकडे येत होतं. सरांनी त्याला अलीकडे थांबायला सांगितलं. पायलटने सूचना परत म्हटली नाही, नुसतं "रॉजर" म्हणाला, म्हणजे समजलं. आणि सरळ धावपट्टीवर आला. वरून दुसरं विमान उतरत होतं. ते शेवटच्या क्षणी पुन्हा वर चढलं म्हणून दोन्ही वाचली. "त्या रॉजरमध्ये मला त्याची मान हललेली ऐकू आली होती," सर म्हणाले. "मी पुन्हा विचारायला हवं होतं. विचारलं नाही." एवढं बोलून त्यांनी मिक्सर चालू केला आणि पुढची सूचना दिली.

ती मला ऐकू आली नाही. "पुन्हा सांगा" म्हणायची सोय होती, तीच शिकायला तर मी तिथे बसले होते. पण नुकतीच ती गोष्ट ऐकलेली, पुन्हा खुर्चीला लाथ बसेल ही भीती, आणि माझ्या तोंडून निघालं, "रॉजर." सरांनी मिक्सर बंद केला. या वेळी त्यांनी खुर्चीला पाय लावला नाही. "उद्यापासून येऊ नकोस," म्हणाले.

मी घरी जाऊन रडले. सरांनी येऊ नकोस म्हटलं एवढंच आईला सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिने बाजारात मासळी विकायला बसायचं टाळलं, चार मोठी पापलेटं निवडली, नवं लुगडं नेसली आणि मला घेऊन सरांकडे आली. माझी आई रोज दीडशे गिऱ्हाइकांशी तोंड वाजवणारी बाई, पण त्या दारात तिचा आवाज बारीक झाला.

"भाऊ, माजी पोर तुमच्या पदरात टाकलीय. तिचं काय चुकलं असंल तर मारा, पन घालवू नका."

सरांनी पापलेटांची पिशवी घेतली, खाली ठेवली, आणि आईशी इंग्रजीत बोलायला लागले. अगदी शांत, आदबीचा स्वर. चेहऱ्यावर हसू. ते काय म्हणाले ते मी मराठीत सांगते.

"तुमच्या मुलीला समजत नाही, आणि समजलं नाही हे सांगायची तिला लाज वाटते. हा गुण तिने तुमच्याकडून घेतला आहे. एक दिवस ती दीडशे माणसांना मारेल. तुम्हाला चालेल ना?"

आई प्रत्येक वाक्याला मान हलवत होती. शेवटी हात जोडून म्हणाली, "हो भाऊ, चालंल. तुमी म्हनाल तसं."

सर माझ्याकडे वळले. त्यांनी माझ्याकडे बघितल्याचं मला आठवतं ते हे एकदाच. मराठीत म्हणाले, "तिने आत्ता कशाला हो म्हटलं ते तिला सांग. तिच्या भाषेत."

आई माझ्याकडे बघत होती. तिच्या कपाळावर घाम होता आणि चांगली बातमी ऐकायची तयारी होती. मी म्हणाले, "आये, सर बोलतान पोरगी हुशार हाय. जरा मेहनत कर बोलतान."

आईने वाकून त्यांच्या पायाला हात लावला. सातपाटीत जन्मलेल्या त्या माणसाला माझा शब्द न् शब्द कळला होता. त्यांनी पाय मागे घेतले नाहीत.

आई चपला घालायला पुढे गेली तेव्हा ते मला म्हणाले, "दोन माणसांच्या मध्ये उभी राहून तू निरोप बदललास. समोरच्याला बरं वाटावं म्हणून. तिला खरा निरोप सांग, मग ये. त्याच दिवशी सही करतो."

एवढीच अट होती. आईला चार वाक्यं सांगायची आणि विमानात बसायचं. माझ्याकडे तीन आठवडे होते. रोज सकाळी आई बाजारात टोपली लावताना शेजारणींना सांगायची की राऊतभाऊंनी आमची पोर हुशार ठरवली, आणि मी ओट्याजवळ उभी राहून ऐकून घ्यायचे. एकदा तोंड उघडलंसुद्धा. ती माझ्यासाठी कोळंबी सोलत होती. मी पाणी मागितलं आणि उठून गेले. मला वाटत होतं मी तिची अब्रू राखतेय. स्वतःला फार मोठी समजत होते मी तेव्हा.

बॅच गेली. सहीशिवाय परीक्षा नाही, आणि कंपनी पुढची भरती काढेपर्यंत माझं उडणं सुटलं ते सुटलंच. आईला मी सांगितलं की कंपनीनेच भरती बंद केली. आज मी बोईसरला एका रसायनांच्या कारखान्यात निर्यातीचं काम बघते. कुंभवली गावाच्या बाजूला माझ्या टेबलाची खिडकी आहे आणि दिवसभर फोनवर तुर्की, कोरियन, व्हिएतनामी माणसं आपापल्या इंग्रजीत बोलत असतात. मी प्रत्येकाकडून सगळं परत म्हणवून घेते. माझ्या हातून आजवर एकही माल चुकीच्या बंदरावर गेलेला नाही. हे मी राऊतसरांकडून शिकले आणि हे लिहिताना मला त्यांचा संताप येतो.

आई मात्र त्यांना विसरली नाही. मोसम सुरू झाला की पहिली चांगली पापलेटं त्यांच्या घरी, पावसाळ्याआधी सुके बोंबील त्यांच्या घरी. आठ वर्षं. "कंपनीनं भरती बंद केली त्यात त्यांचा काय दोस?" म्हणायची. पिशवी पोचवायला कधी कधी मलाच पाठवायची. एकदा मी त्यांना दारातच विचारलं, "तुम्हाला हे घशाखाली उतरतं कसं?"

"ती तुझ्या निरोपावर पाठवते," सर म्हणाले. "चूक ज्याने केली त्याने दुरुस्त करायची. मी का करू?" आणि पिशवी आत घेऊन गेले.

गेल्या महिन्यात ते हृदयविकाराने गेले. सकाळी फोन आला तेव्हा आई अंगणात बोंबील पसरत होती. ऐकून मटकन खाली बसली आणि मोठ्याने रडू लागली. "देवमानूस गेला. माज्या पोरीला हुशार बोलनारा पयला मानूस." शेजारच्या दोघी धावत आल्या. आई त्यांना तेच सांगत राहिली, पदर तोंडाला लावून, आणि मग आत जाऊन पालघरला जायला लुगडं बदलू लागली.

मी आत गेले, दार लावलं आणि तिला सगळं सांगितलं. सरांनी तेव्हा काय विचारलं, तिने कशाला हो म्हटलं, मी काय बनवून सांगितलं, आणि सहीची अट. एक शब्द गाळला नाही. का सांगितलं? खरेपणासाठी नाही. त्या माणसासाठी तिने रडावं हे मला सोसवलं नाही.

आई निऱ्या हातात धरून उभी होती. मग तिने ते लुगडं सोडलं, घडी घातली, पेटीत ठेवलं, आणि माझ्याकडे पाठ करून म्हणाली,

"तवा सांगितलं असतंस तर मी एक दीस रडली असती. आन तू उडाली असतीस. आता सांगून माजं काय केलंस गो?"