न भाजणारा हात

गाव म्हणत होतं, मला महादेव पावला. मला मात्र त्या दिवसांत एका जागी बसवत नव्हतं. दुकानात गिऱ्हाईक असलं की बरं वाटायचं. जरा रिकामी झाले की डावा हात पदराखाली जायचा आणि मी नखानं तळवा टोचून बघायचे. अंगठ्याकडे कळायचं. करंगळीकडे काहीच कळायचं नाही. पुन्हा टोचायचे, पुन्हा तेच. कोणी दुकानाची पायरी चढलं की हात झटकन बाहेर आणि तोंडावर हसू.

चौसाळ्यात हायवेलगत आमचं किराणा दुकान आहे. घरात मालक, मुलगा, सून रेखा आणि चार वर्षांची नात गौरी. आमचं घर शंकराचं. भस्म लावल्याशिवाय सकाळचा चहा नाही आणि देवळात गेल्याशिवाय सोमवार नाही. गेल्या श्रावणातल्या पहिल्या सोमवारी आरतीच्या गर्दीत ताट कलंडलं. पेटलेला कापूर पुढच्या बाईच्या लुगड्यावर पडणार, तेवढ्यात मी तो डाव्या हातावर झेलला आणि तसाच जळता देवापुढं नेऊन ठेवला. ओरडले नाही, हात झटकला नाही. बायका बघत राहिल्या. एकीनं पाय धरले. पुढच्या सोमवारी त्यांनीच माझ्या तळहातावर कापूर ठेवला आणि मी तो जळू दिला.

खरं सांगते, मला ते आवडलं. जन्मभर साखर-चहापत्ती मोजणाऱ्या बाईला लोक वाकून नमस्कार करू लागले. तापलेली लेकरं माझ्या मांडीवर आणून ठेवू लागले. घरी आल्यावर तळहाताला फोड यायचे, ते मी हळद लावून झाकायचे. कोपराखाली फिकट, तांबूस चट्टा होता, त्यावर भस्म लावायचे. चट्टा त्या श्रावणाच्या किती तरी आधीपासूनचा होता आणि तव्याला हात लागून चामडी जळाल्याचं मला वासावरून कळलं होतं, तेही आधीचंच. म्हणजे कापराच्या त्या दिवशी काही नवीन घडलं नव्हतं, हे एकट्या मला ठाऊक होतं. त्याच दिवसांत सर्वेक्षणाला आलेली गावची आशा कार्यकर्ती सुनीता दारात उभी राहून विचारत होती, "आक्का, अंगावर चट्टा हाय का? खाजंना, दुखंना असा?" मी म्हणाले, "न्हाई बाई." तिनं कागदावर खूण केली आणि ती पुढच्या घरी गेली. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

दिवाळीनंतर पाटोद्याला भाचीचं डोहाळजेवण होतं. ओसरीत एक म्हातारी मणियारीण बांगड्या भरायला बसली होती. सगळ्या तिला चाची म्हणत. माझी पाळी आली. चाचीनं डावा हात दाबून मऊ केला आणि हिरवी बांगडी चढवू लागली. मी शेजारणीशी बोलत होते. चाचीचा हात थांबला म्हणून खाली पाहिलं, तर बांगडी फुटून काच करंगळीखाली रुतली होती आणि रक्त माझ्या पदरावर टपकत होतं.

"आक्का, काच घुसली हाय. दुखलं न्हाई?"

"न्हाई."

"कावून न्हाई?"

का दुखत नाही, हा प्रश्न इतक्या महिन्यांत कोणीच केला नव्हता. आम्हा सगळ्यांना उत्तर आधीच माहीत होतं, देवाची कृपा. चाचीनं काच काढली, फडकं बांधलं, मला मोरीपाशी नेलं आणि माझी बाही वर केली. भस्माखालचा चट्टा तिनं बोटानं पुसून पाहिला.

"चाळीस वर्सं बायांचे हात दाबतेय मी," ती हळू आवाजात म्हणाली. "माझ्या सख्ख्या बहिणीला असंच झालतं. ताईत बांधले, दर्ग्याला नेलं, अन् दवाखान्यात लई उशिरा गेलतो. गोळ्यांनी रोग गेला, पण बोटं वाकडी ती वाकडीच ऱ्हायली. तुमी उशीर करू नका." मग कानाशी येऊन तिनं रोगाचं नाव सांगितलं. कुष्ठरोग.

मला तिचा राग आला. माझ्या देवाच्या कृपेला ही कोण असलं नाव देणारी, असं वाटलं. परतीच्या एसटीत मी नामस्मरण करत बसले, पण दर दोन नावांनंतर तिचं "कावून न्हाई" कानात यायचं. पुढचे आठ दिवस मी घरभर नुसती फिरत होते. धान्य निवडायला बसले की उठायचे, उठले की कशाला उठले ते आठवायचं नाही. देवळात हात जोडायचे आणि देवाकडे न बघताच परतायचे.

नवव्या दिवशी गौरीला न्हाऊ घालताना तिच्या पोटरीवर नखाएवढा फिकट डाग दिसला. खराट्याची एक काडी घेऊन मी खेळ केल्यासारखं तिच्या दुसऱ्या पोटरीवर फिरवली. ती खिदळली. मग डागावर फिरवली. ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "आज्जी, कर की." मी करत होते आणि तिला कळत नव्हतं.

तिला टॉवेलात गुंडाळून मी रेखाच्या हातात दिलं आणि बाही वर करून सगळं सांगितलं. त्याच दुपारी आम्ही तिघी सरकारी दवाखान्यात गेलो. डॉक्टरीण वयानं माझ्या लेकीएवढी. तिनं कापूस फिरवून बघितला, कोपरामागची शीर दाबून बघितली, पोरीलाही तपासलं. आजार चाचीनं सांगितला तोच होता, दोघींनाही. ती म्हणाली, हा जंतूंचा आजार आहे. बराच काळ जवळ राहिलं तर श्वासातून पसरतो, पाप-पुण्याशी त्याचा संबंध नाही. गोळ्या सुरू झाल्या की थोड्याच दिवसांत पसरणं थांबतं. गौरीचं लवकर कळलंय, तिला काही व्यंग राहणार नाही. माझ्या हाताची संवेदना मात्र परत येईलच असं नाही. घरातल्या बाकीच्यांनाही तपासायला घेऊन या, त्यांना होऊ नये म्हणून औषधाचा एकच डोस देऊ. मी विचारलं, "पोरीला माझ्यामुळंच झालं ना?" ती म्हणाली, "कुणाकडून कुणाला गेलं, हे नक्की कुणालाच सांगता येत नाही." ती मला वाचवत होती, हे मला कळलं.

रेखा दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. गौरीला माझ्याकडे पाठवलं नाही. तिचं काय चुकलं? तिसऱ्या दिवशी तिनं घमेल्यात पाणी आणून माझ्यापुढं ठेवलं. "हात भिजवा. मग तेल लावून देते. डॉक्टरीणबाईंनी रोज करायला सांगितलंय ना." मी हात पाण्यात घातला. पाणी गार होतं की कोमट, तेही करंगळीकडून मला कळत नव्हतं, आणि रडू आवरत नव्हतं.

त्यानंतरच्या सोमवारी बायकांनी कापूर पुढं केला. मी हात मागं घेतला आणि नंदीपाशी उभी राहून सांगितलं, "ही कृपा न्हवती. माझा हात बधिर झालाय. मला रोग हाय अन् मी त्यो लपवला. माझ्या मांडीवर तुमची लेकरं ठेवली, ती तपासून घ्या. मी औषध चालू केलंय." कमल नावाची एक बाई पोराला ओढतच बाहेर गेली, इतरही पांगल्या. सुनीता तेवढी थांबली. मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "आक्का, आता माझ्यासंगं घरोघर चला. तुमी इचारलं तर लोक सांगतील." पुढच्या आठवड्यांत आम्ही दोघी फिरलो. काही दारं उघडली, काही लावली गेली. दुकानात गिऱ्हाईक कमी झालं. पण कापूर पेटल्यापासून अंगात भरलेली घालमेल आता थोडी थोडी उतरू लागली होती.

एका दुपारी तीच कमल दुकानात आली. इकडंतिकडं बघून तिनं पाठीवरचा पदर बाजूला केला. खांद्याखाली डाग होता. "गावात नगं, बीडला जाऊ. तुमी येताल का?" आम्ही एसटीनं निघालो. वाटभर ती विचारत होती, "डॉक्टर सुई टोचत्यात का ओ? लई दुखंल का?" आयुष्यभर देवाकडं दुःख नको, दुखणं नको, एवढंच मागत आले होते. त्या वाटेवर मी पहिल्यांदा उलटं मागितलं. महादेवा, हिला दुखू दे.

डॉक्टरांनी तिला डोळे मिटायला सांगितले आणि टोकदार काडी डागावर टेकवली.

"आई गं!" कमल एवढ्यानं ओरडली की बाहेरच्या रांगेतले लोक डोकावले.

साधं गजकर्ण निघालं. ती हसत होती आणि मी भिंतीला टेकून हात जोडून उभी होते. शरण जायचं म्हणजे डोळे मिटून बसायचं, असं मी समजत होते. आपल्या अंगावर जे आहे ते देवापुढं आणि माणसांपुढं उघडं करायचं, तिथून ते सुरू होतं, हे मला पाटोद्याच्या त्या चाचीनं शिकवलं. गौरीच्या गोळ्या पूर्ण झाल्या, डाग गेला. माझा हात अजून बधिरच आहे. चूल पेटवायच्या आधी मी तो रोज बघते, कुठं भाजलं-कापलं तर नाही ना, आणि त्यालाच कपाळाशी नेऊन नमस्कार करते.