सरिताची परीक्षा आणि सासूबाईंचं पाखरू

आमची धाकटी जाऊ सरिता स्पीच थेरपीची परीक्षा देणार, म्हणजे ज्यांची वाचा अडते त्यांना बोलतं करायची, असं घरात कळलं तेव्हा मी शेवंतीच्या टोपलीत तोंड घालून हसले. दुसऱ्याला बोलतं करायचं तर आधी त्याला बोलू द्यावं लागतं. सरिता १९९६ साली नाशिकरोडहून आमच्या मखमलाबादच्या मळ्यात नांदायला आली, तेव्हापासून तिला गप्प बसलेली मी फक्त झोपेत पाहिली आहे. त्याबद्दलही ललितभाऊजींचं मत वेगळं आहे.

ललितभाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर, सातपूरला कारखान्यात शिफ्टला जातात. लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी सरिताने त्यांना ओट्यावरून हाक मारली, "ललित, अरे, टॉवेल विसरलास!" सासूबाईंनी पदराने दोन्ही कान झाकले. आमच्याकडे नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं असं मानतात. सासूबाईंनी त्या दिवशी देवापुढे जादा दिवा लावला. भाऊजी टॉवेल घेऊन ठणठणीत आंघोळ करून आले, तरी संध्याकाळपर्यंत त्या त्यांच्याकडे काळजीने बघत होत्या.

सरिताला ऐकू न येणाऱ्या मुलांच्या एका शाळेत नोकरी होती. तिथे तिचं मन फार रमायचं. एखाद्या मुलाने 'आई' म्हटलं की ती घरी पेढे आणायची, आणि मुलं बरीच असल्यामुळे आम्ही सगळे जाड झालो. पुढे नियम आला की सर्टिफिकेट नसेल त्याला हे काम करता येणार नाही. शाळेनेच सांगितलं, वर्षाचा कोर्स करा, परीक्षेला दोनदा बसता येईल. दोन्ही वेळा नापास, तर नोकरी गेली.

झालं, घरात अभ्यास सुरू झाला. तो सरिताने केला हे खरं, पण सोसला आम्ही. तिने कणकेचं स्वरयंत्र करून ओट्यावर वाळत घातलं. आमच्या यांनी ते खारी समजून चहात बुडवलं. कोणी जांभई दिली की ही बॅटरी घेऊन हजर, "ताई, तशाच थांबा, पडजीभ मस्त दिसतेय." जेवताना आमच्या गळ्यावर बोटं ठेवून म्हणायची, "हं, आता गिळा." माणूस गिळायचं विसरून जाई. लॅरिंक्स आणि फॅरिंक्स, म्हणजे स्वरयंत्र आणि घसा, हे शब्द तिने फुलं तोडताना इतक्यांदा घोकले की माझ्या मुलांनी आपल्या दोन बोकडांची नावं तीच ठेवली. लॅरिंक्स अजून आहे.

लेखी पेपर तिने चांगला सोडवला. गाडी अडली ती प्रात्यक्षिकाला. स्वतः शिकवलेला पेशंट परीक्षकांपुढे न्यायचा असतो. तिने पिंपळगाव बसवंतचा झुंबर नेला. झुंबर द्राक्षांचा टेम्पो चालवायचा आणि बोलताना अडखळायचा. परीक्षकांनी विचारलं, "काय काम करता?" झुंबर म्हणाला, "मी टे... टे..." सरिता म्हणाली, "टेम्पो चालवतो." "कुठून कुठे?" "पिं... पिं..." "पिंपळगावहून मुंबईला. पहाटे निघतो. मध्ये कसाऱ्याला चहा." झुंबर भलता खूश झाला. मी सोबत गेले होते, बाहेर येऊन मला म्हणाला, "त... ताईंना माझ्या म... मनातलं सगळं कळतं." परीक्षकांनी मात्र शेरा मारला की पेशंटला बोलायला जागाच मिळाली नाही. सरिता नापास.

त्या दिवशी ती रात्रीच्या जेवणापर्यंत बोलली नाही. मला वाटलं होतं, अशी शांतता मिळाली तर मी नारळ फोडीन. पण घर नुसतं खायला उठलं. मीच तिला म्हटलं, "अगं, बोल काहीतरी. लॅरिंक्सबद्दल बोल."

मग २००२ साली शेवंतीच्या ऐन हंगामात सासूबाईंच्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात लुळा पडला, तो हळूहळू सुधारला, पण वाचा गेली ती गेलीच. सगळ्या मळ्याला जिच्या एका हाकेने जाग यायची ती गोजराबाई आता नुसती डोळ्यांनी बोलायची. आणि आमचे सासरे, तात्या, ज्यांना तोवर बायकोशी घरात चार शब्दांवर पाचवा बोलताना मी ऐकलं नव्हतं, ते तिच्या खाटेजवळ बसून बाजारभाव सांगायला लागले. "झेंडू पडला गं आज." ती बघत राहायची. ते मला बघवायचं नाही.

सरिताने त्यांना हातात घेतलं. मेणबत्ती फुंकणं झालं, कापूस फुंकणं झालं, आरशासमोर 'आ, ई, ऊ' झालं. हळूहळू शब्द यायला लागले. पहिला शब्द आला तो 'मीठ'. माझ्या भाजीत कमी होतं. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत सासूबाई थांबत थांबत का होईना, पुरी वाक्यं बोलायला लागल्या, त्यातली बरीचशी माझ्या चुकांबद्दल होती. सरिताने ठरवलं, दुसऱ्या आणि शेवटच्या वेळी पेशंट म्हणून आईंनाच न्यायचं.

वाचा गेलेला पेशंट असला की परीक्षेत ठरलेली दहा चित्रं दाखवायची असतात. 'हे काय?' एवढंच विचारायचं आणि तोंड मिटून थांबायचं. पेशंटला मदत केली तर केस बाद. निदान आठ चित्रांची नावं आली तर पास. सरिताने त्याच चित्रांच्या झेरॉक्स आणून घरी सराव सुरू केला. कुलूप आलं, बैल आला, चिंच आली, केळं आलं. छत्री काही केल्या येत नव्हती. तिथे सासूबाई खरंच अडायच्या, हाताने उघडून दाखवायच्या आणि चिडायच्या. पण गंमत पुढची. चिमणीचं चित्र दाखवलं की त्या म्हणायच्या, "पाखरू." चिमटा दाखवला की, "सांडशी."

"आई, नीट बघा. चि..."

"पाखरू."

सरिताने पुस्तकं उपसली. चिंच म्हणता येते, मग चिमणी का नाही? तिने मोठा सिद्धांत बांधला: 'चि'च्या पुढे 'म' आला की मेंदूतला कुठलासा रस्ता बंद होतो. मलाही तिने तो कणकेचा मेंदू करून समजावला. मी हूं हूं केलं. खरं तर मलाही काही सुचलं नव्हतं, आणि सुचायला हवं होतं. कारण नवी नवरी असताना सासूबाईंनी मला "सांडशी आण" म्हणून पाठवलं, मी आपली पातेलं उतरवायची सांडशी नेली, आणि त्यांनी मला भाकरीच्या चिमट्याकडे बोट दाखवून अडाणी ठरवलं होतं. तेव्हापासून मीही चिमट्याला सांडशीच म्हणते. का म्हणते, हे मी कधी स्वतःला विचारलं नाही.

एके दिवशी तात्या मोटार बंद करून घरात आले. सरिता चित्र नाचवत होती, सासूबाई तोंड फिरवून बसल्या होत्या.

"काय चाललंय गं?" तात्यांनी विचारलं.

"बघा ना तात्या, आईंना चिमणी म्हणताच येत नाही."

तात्यांनी चित्र बघितलं. मग बायकोकडे बघितलं. आणि आमचे तात्या, जे लॅरिंक्सने त्यांचं धोतर खाल्लं तेव्हाही हसले नव्हते, ते दाराला टेकून हसायला लागले.

"आगं येडे, ती लगीन झाल्यापास्नं चिमणीला पाखरूच म्हणती. चिमट्याला सांडशी म्हणती. माझं नाव काय हाय?"

सरिताचं तोंड उघडं राहिलं. तात्यांचं नाव चिमाजी. पण घरात त्यांना चिमाजी म्हणणारं कोणी उरलंच नव्हतं. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही तर नाहीच, पण त्याच्या नावासारखे शब्दही तोंडात येऊ द्यायचे नाहीत, हा सासूबाईंचा नेम आजारात सगळी वाचा गेली तरी शाबूत राहिला होता. स्वतःचं नाव विसरल्या, मुलांची नावं विसरल्या, पण काय बोलायचं नाही ते पक्कं आठवत होतं.

आता हसू ओसरल्यावर हिशेब मांडला. छत्री गेली, चिमणी गेली, चिमटा गेला. उरली सात. पास व्हायला आठ हवी होती.

तात्या म्हणाले, "म्हण की गं. पोरीची नोकरी जाती. मी सांगतो ना, म्हण."

"नाय," सासूबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. "तुमाला... काय झालं... तर?"

मला वाटलं, आता सरिता तासभर व्याख्यान देणार. अंधश्रद्धा, मेंदू, विज्ञान. तिने स्वतः रोज ललित ललित करून नवरा धडधाकट ठेवलाय, हा तर घरातलाच पुरावा होता. पण तिने चित्रं गोळा केली आणि सासूबाईंचा उजवा हात हातात घेतला. "आई, नका म्हणू. तुम्ही पाखरूच म्हणा. परीक्षा संपल्यावर मी परीक्षक मॅडमना समजावून सांगेन. त्यांना पटलं तर पटलं." त्या दिवशी ती मला मनापासून आवडली, हे इथे लिहून ठेवते. तोंडावर सांगितलं असतं तर तिने त्यावर दोन तास घेतले असते.

परीक्षेला आम्ही रिक्षाने गेलो. सासूबाईंना धरायला मी आत गेले. तात्या बाहेर व्हरांड्यात बाकावर बसले, मांडीवर टोपी ठेवून. परीक्षक बाई दक्षिणेकडच्या होत्या, मराठी जपून आणि गोड बोलायच्या. त्यांनी सरिताला खूण केली, सुरू करा.

कुलूप, बैल, चिंच, केळं झालं. छत्रीला सासूबाईंनी हात उघडून दाखवला, बाईंनी मान हलवून काहीतरी लिहिलं. बाकीची चित्रं भराभर झाली आणि शेवटी ती दोन उरली.

"हे काय?"

"पाखरू."

"हे काय?"

"सांडशी."

बाईंनी हळूच सरिताकडे बघितलं. सरिताने ओठ असे आवळले होते की पांढरे पडले. सांगायला केवढं होतं तिच्याकडे! कणकेच्या मेंदूसकट होतं. पण पेशंट समोर असेपर्यंत बोलायचं नाही म्हणजे नाही. डोळ्यांतून पाणी गालावर आलं, तेही तिने पुसलं नाही. जन्मात पहिल्यांदा ती दुसऱ्याच्या बोलण्याची वाट बघत बसली होती. बाईंनी उसासा टाकून पेनाचं टोपण लावायला घेतलं.

सासूबाई सरिताकडे बघत होत्या. मग त्यांनी दाराकडे बघितलं. दाराच्या फटीतून तात्यांचं धोतर तेवढं दिसत होतं. त्यांनी डावा हात पुढे करून चित्र उचललं.

"चि...मणी," त्या म्हणाल्या.

सरिता न राहवून पुढे झाली. सासूबाईंनी हात वर करून तिला गप्प केलं, आणि दुसऱ्या चित्रावर बोट ठेवलं. "चिमटा."

"अरे वा, आजी!" बाई हरखून गेल्या. त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत, समोर काय घडलं ते. पेनाचं टोपण पुन्हा काढत त्यांनी सहज, कौतुकाने विचारलं, "छान बोलता तुम्ही. मालकांचं नाव काय?"

सासूबाईंनी डोळे मिटले. ओलांडायचं ते ओलांडून झालंच होतं. त्यांनी पदर सारखा केला आणि पूर्वी बांधावरून गड्यांना हाक मारायच्या तशा खणखणीत आवाजात म्हणाल्या,

"चिमाजी!"

आणि बाहेरून, बाकावरून, लगेच आवाज आला, "ओ!"

पाठोपाठ तात्या टोपी हातात घेऊन धडपडत आत आले. कोणीतरी बोलावलं म्हणून आले होते. कोणी, ते दारात पोहोचल्यावर त्यांच्या ध्यानात आलं, आणि मग त्यांना आपले हात कुठे ठेवावेत ते कळेना. सासूबाईंनी त्यांना डोक्यापासून पायापर्यंत दोनदा न्याहाळलं.

"बरं... हाय ना?"

"हाय की," तात्या म्हणाले. आवाज जरा ओला होता.

बाईंनी मग सरिताला विचारलं, पेशंटला हे दोन शब्द अचानक कसे आले? सरिताने तोंड उघडलं आणि तिच्यातून एक अक्षर बाहेर पडलं नाही. शेवटी मीच सगळं सांगितलं. बाई चष्मा काढून बराच वेळ पुसत राहिल्या. सरिता पास झाली. पेढे अर्थातच आले.

परत येताना रिक्षात सासूबाईंनी तात्यांचं मनगट धरून ठेवलं होतं, मखमलाबाद येईपर्यंत सोडलं नाही. तात्या रस्त्याकडे बघत होते. शेवटी न राहवून त्यांनी वाकून हळूच विचारलं, "आजून एकदा म्हण की."

सासूबाईंनी त्यांच्याकडे बघितलं, मग आमच्याकडे बघितलं, आणि एकदाही न अडखळता म्हणाल्या,

"मला बोलता येत नाय."