गुडघ्याचा गोल

बोईसरच्या कारखान्यात मी आणि माझा गावचा मित्र एकाच पाळीत आहोत. पाळी सुटल्यावर चहाच्या टपरीवर आमचा फुटबॉलच्या वर्ल्डकपवरून वाद झाला. देशाच्या संघातला फॉरवर्ड मोलाचा ठरतो कशामुळे? मी म्हणालो, "गोल किती केले ते बघायचं, बस्स."

मित्र म्हणाला, "समोरच्यांना आपल्या मागं ओढून दुसऱ्याला वाट करून देतो, तो खरा. गोल काय, कुनाच्या पन पायाला लागून जातो."

मला ठसकाच लागला. तरुणपणी उमरोळी गावाच्या संघाविरुद्धच्या फायनलमध्ये मी मारलेला चेंडू बाहेर चालला होता; तो याच्या गुडघ्याला लागून आत गेला. गोल मात्र माझ्या नावावर लागला, सामनावीराचा कपही मलाच मिळाला आणि मी गप्प राहिलो. आज मी त्याला ते सांगून टाकलं.

तो हसत सुटला. "अरे, गुडगा माजाच व्हता ना! मला म्हाईत नसेल?"

"मग बोलला का नाहीस?"

"तू पोरांच्या खांद्यावर बसून रडत व्हतास. तुला खाली उतरवनार कोन?"

रविवारी मी कप त्याच्या चिकूवाडीत नेऊन दिला. निघताना वहिनींनी तोच कप चिकूंनी भरून माझ्या हातात ठेवला.

"आमी कोनाचं भांडं रिकामं परत देत नाय, भाऊजी."

मित्र नुसता गुडघा चोळत हसत होता.

चिकू संपले की कप पुन्हा नेऊन देणार आहे. वहिनी काय करतील, तेही मला ठाऊक आहे.