एल्रॉय बालगोबिनच्या दोन फायली

आमच्या दारू सोडवायच्या वॉर्डात नर्स म्हणून मला बावीस वर्षं झाली, पण शिकलेल्या माणसाइतका वेडेपणा मी एकाही पेशंटमध्ये पाहिला नाही. डॉक्टर प्रेस्कॉड आमच्या बेटाच्या राजधानीहून, पोर्ट ऑफ स्पेनहून, अभ्यासासाठी आले. दारुड्यांमध्ये आफ्रिकन वंशाच्यांना कोणता त्रास होतो आणि हिंदुस्थानी वंशाच्यांना कोणता, हे त्यांना वेगवेगळं मांडायचं होतं. फॉर्मवर वंशाचे रकाने दोनच. आणि समोर बसला टॅक्सीवाला एल्रॉय बालगोबिन. आई आफ्रिकन, बाप हिंदुस्थानी.

“एकाच रकान्यात खूण करायची,” डॉक्टर म्हणाले.

“मग दुसऱ्याला काय तोंड दाखवू, साहेब?”

डॉक्टर पडले न्यायी! त्यांनी दोन फायली केल्या. सकाळी हिंदुस्थानी एल्रॉयला तपासायचे, दुपारी आफ्रिकन एल्रॉयला. सकाळी विचारायचे, “हात थरथरतात?” हातांची थरथर तर कधीच थांबली होती. दुपारी विचारायचे, “कानात आवाज येतात?” हा भाबडा खरं सांगायचा, “येतो ना. आई विचारते, जेवलास का? तिला जाऊन नऊ वर्षं झाली.”

मी कपाळावर हात मारला. “अरे मेल्या, नाही म्हणायला तुझं काय जातं?”

“डूलारीताई, आईला खोटं कसं पाडू?”

रविवारी त्याच्या मुलीचं, इंद्राणीचं लग्न होतं. साखरपुड्याला हा पिऊन मांडवातच आडवा झाला होता. “कन्यादानाला शुद्धीवर या, नाहीतर येऊच नका,” असं ती वॉर्डात येऊन, रडून सांगून गेली होती. तेव्हापासून बिचारा दिवस मोजत होता.

शुक्रवारी डॉक्टरांनी निकाल दिला. हिंदुस्थानी बरा झाला, त्याला सोडा. आफ्रिकन अजून आजारी आहे, तो इथेच राहील.

“अहो, माणूस एकच आहे ना!” मी ओरडले.

“सही झाली आहे, सिस्टर.”

एल्रॉय गेला. त्याची खाट मात्र कागदावर भरलेलीच. तिन्ही त्रिकाळ ताट येत होतं, आणि शनिवारचा मासे-भात मीच संपवला, उगाच खोटं कशाला बोलू?

सोमवारी सकाळी हा स्वतःहून हजर! डोळे स्वच्छ, तोंडाला वास नाही.

“झालं कन्यादान,” तो म्हणाला. “मामा आणि काका, दोघंही रमची बाटली घेऊन मागे लागले होते. मी म्हटलं, एकट्याने प्यायची मला सवय नाही, आणि माझा जोडीदार दवाखान्यात आहे. खो खो हसले. पण इंद्राणीने माझा हात धरला, तो पाठवणीपर्यंत सोडला नाही हो.”

तेवढ्यात डॉक्टर आले, खुशीत होते. “बालगोबिन, आता दुसऱ्यालाही घरी सोडू या का?”

एल्रॉय ताडकन उठून त्यांच्या पाया पडला.

“नको साहेब! त्याला एवढ्यात बरा करू नका. धाकटीचं लग्न व्हायचंय.”