मुळावकरांच्या स्वयंपाकघरातला गणपती

नरहर मुळावकर कारखान्यातून निवृत्त झाले त्याला दहा वर्षं झाली, पण त्यांचा आवाज काही निवृत्त झाला नव्हता. हिंदी मुलखातल्या आनंद नगरातल्या आपल्या घरी दर रविवारी सकाळी ते कॉलनीतल्या अकरा मराठी मुलांचा संस्कारवर्ग घेत. ‘श’ आणि ‘ष’मध्ये गफलत करणाऱ्याचं देव ऐकत नाही, असं त्यांचं ठाम मत. देवाने तसं त्यांना जणू लेखी कळवलं होतं.

अडचण घरातच होती. त्यांची सात वर्षांची नात सायली जन्मापासून बहिरी. “जिला ओंकार ऐकू येत नाही, तिच्यावर संस्कार करायचे तरी कुठून?” असं म्हणून त्यांनी तिला प्रसाद वाटायच्या कामावर नेमलं होतं.

सून मंजूषा वाद घालत बसली नाही. तिने तुलसी नगरच्या बहिऱ्या मुलांच्या शाळेत वर्षभर जाऊन हातांची भाषा शिकून घेतली आणि रविवारी, बाहेर श्लोक चालू असताना, स्वयंपाकघरात सायलीला देवाच्या गोष्टी सांगू लागली. एकदा गणपती उंदरावरून पडतो आणि चंद्र हसतो, ती गोष्ट चालली होती. मंजूषाने पोट फुगवलं, बोटांनी ओट्यावरून उंदीर पळवला, गणपती धपकन पाडला. वर्गातून पाणी प्यायला आत आलेली अदिती परत बाहेर गेलीच नाही. पुढच्या रविवारी तिघांना तहान लागली. महिन्याभरात नरहरपंतांसमोर एकटा आशय उरला, तोही पेंगत होता.

पंत तावातावाने आत गेले. “हा काय तमाशा लावलाय?”

कुणी वर बघितलं नाही. सगळ्यांचे डोळे सायलीच्या हातांकडे होते.

“काय म्हणतेय ती?” पंतांनी विचारलं.

“विचारतेय, चंद्राने गणपतीची माफी मागितली का?” मंजूषा म्हणाली. “खाली पार्कात मुलं तिला हसतात ना, बाबा.”

पंतांकडे उत्तर तयार होतं, शापासकट. पण ते सायलीला द्यायला त्यांना हातांची भाषा येत नव्हती.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी ते पुटपुटले, “मलाही शिकव थोडं.”

“सायली शिकवेल. मात्र ती कडक आहे हं.”

होतीच. एक बोट वाकडं पडलं की दहादा करून घ्यायची. पंतांनी गणपतीकडून चंद्राला क्षमा करवली, तर सायलीच्या मते त्याने चंद्राला आंघोळ घातली होती. ती पोट धरून हसली. पंत दोन दिवस रुसले आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा शिकायला बसले.

गणेशोत्सवात मराठी मंडळाच्या जयंतरावांना हातांनी चालणाऱ्या या वर्गाचा सुगावा लागला. लगेच फलक छापला गेला : ‘मुळावकर यांचा अभिनव उपक्रम.’ पंतांना शाल मिळाली. मंजूषा मागे मोदकांचे डबे भरत होती.

“बेटा, हे सगळं तुला कोणी शिकवलं?” जयंतरावांनी माइकवरून सायलीला विचारलं.

पंतांनी हातांनी प्रश्न केला. सायलीने उत्तर दिलं. पंत माइकमध्ये म्हणाले, “म्हणतेय, आजोबांनी.”

“झूठ!” पहिल्या रांगेतून अदिती ओरडली. “ती आई म्हणाली!” मग बाकीचे दहाही जण कोरसमध्ये, “आई! आई म्हणाली!”

पंतांचे कान लाल झाले. “मुलं खरं बोलतायत,” ते कसेबसे म्हणाले. त्यांनी शाल उतरवली आणि मंजूषाला मंचावर बोलावलं.

ती पदराला हात पुसत आली. “शाल राहू द्या,” ती म्हणाली. “आरतीला सायलीला पुढे उभं करा, आणि तिला दिसेल अशी आरती म्हणा.”

जयंतराव म्हणाले, “विषय कार्यकारिणीपुढे ठेवू.”

कार्यकारिणी भरायच्या आत आरतीची वेळ झाली. मुलांनी सायलीला पुढे आणलं, पंत तिच्यासमोर उभे राहिले आणि दोन्ही हातांनी सावकाश आरतीचा एकेक शब्द करून दाखवू लागले. झांजा त्यांच्या हातांसाठी थांबत होत्या. आरती चांगली दहा मिनिटं लांबली. मोदक गार झाले म्हणून कुरकुरले ते एकटे जयंतराव.